गुणाजी गावंड आणि तेलाचा ब्रेक

गुणाजी गावंडाला बसता येत नसे. कुणाकडे गेला, ओसरीवर घोंगडी अंथरली, पानाचं तबक पुढे आलं, तरी तो घोंगडीच्या कडेलाच टेकायचा. बोलणं चालू असताना हात दाराच्या कडीकडे जायचा. बिजागरी करकरत असेल तर समोरचा काय बोलतोय ते त्याला ऐकूच यायचं नाही. मग तो उठायचा. "जरा बघतंय," म्हणायचा, आणि पाहुणा म्हणून आलेला माणूस यजमानाचं दार उतरवून ठेवायचा.

हा स्वभाव त्याला मुंबईने दिला की मिठागराने, सांगता येणार नाही. जन्म पेणच्या खाडीकाठचा. बाप मिठागरात राबे. मिठागरात पाणी उभं राहिलेलं चालतं, माणूस उभा राहिलेला चालत नाही. मिसरूड फुटायच्या आत गुणाजी मुंबईला गेला, गोदीत घण मारायला लागला. पुढे बॉयलरच्या नळ्या बसवणाऱ्या टोळीत त्याला घेतलं. त्याचा मुकादम सांगे, नळीला कान लावला की आत काय चाललंय ते कळतं. गुणाजीने पुष्कळ दिवस कान लावून पाहिला. त्याला काही कळलं नाही. नळी उघडल्यावरच कळतं, असं त्याने स्वतःपुरतं ठरवलं आणि ते आयुष्यभर पाळलं.

मंदीत गोदीतली माणसं कमी झाली तेव्हा तो परत आला आणि धरमतर बंदरावर लाँचच्या इंजिनांची कामं करू लागला. काम चोख करी. मात्र त्याच्याबरोबर काम करणं सोपं नव्हतं. पाना धरायला दिला तर तो कसा धरलाय हे तो बघायचा. दमलेल्या माणसाला तो काही बोलत नसे. न दमता दमल्यासारखं करणाऱ्याला मात्र तो माफ करत नसे.

त्याची बायको मैना. तिचं माहेर पोयनाडच्या अलीकडे, कार्ल्याच्या खिंडीकडे जाणाऱ्या रस्त्यालगत. बाप नव्हता. आई चंद्राबाई आणि धाकटा भाऊ हरेश्वर, एवढंच घर. हरेश्वर सर्व्हिस मोटर चालवी. धरमतरला मुंबईची बोट लागली की उतारू घ्यायचे, खिंड चढायची, पलीकडे अलिबागला सोडायचे, तिकडचे उतारू बोटीला आणायचे. मोटर अमेरिकन, उघड्या टपाची, बरीच जुनी. रात्री ती चंद्राबाईच्या अंगणात उभी असे.

त्या काळी किनाऱ्यावरच्या बहुतेक मोटरींचे ब्रेक सळ्यांचे होते. पाय दाबला की सळी ओढली जायची. या गाडीचे ब्रेक तेलाचे. बॉनेटखाली तेलाचा पितळी डबा. पाय दाबला की तेल बारीक नळ्यांतून चारी चाकांकडे ढकललं जायचं आणि त्या जोरावर ब्रेक लागायचे. लागायचे तेव्हा छान लागायचे. पण एक नळी फुटली की चारी चाकांचे ब्रेक गेले.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी तेच झालं. हरेश्वर रिकामी मोटर घेऊन अलिबागला निघाला होता. खिंडीच्या उतारावर त्याने पाय दाबला तर ब्रेक दगडासारखा कडक. त्याने उभं राहून दाबला. कुठेतरी फट्‌ झालं आणि पाय थेट फळीला टेकला. हातब्रेक नावालाच होता. त्याने मोटर डोंगराच्या बाजूच्या दरडीत घातली. खांदा सुजला, मडगार्ड चेपलं, बाकी निभावलं. बैल जुंपून मोटर अंगणात आणली.

दोन दिवसांवर चौलच्या दत्ताची जत्रा. मुंबईची बोट माणसांनी भरून येणार. बंदरावर हरेश्वरची मोटर उभी नसली तर त्याच्या जागी दुसरा येऊन उभा राहणार, आणि एकदा गेलेली जागा तिथे परत मिळत नसे. पण चंद्राबाईने उंबऱ्यात उभं राहून सांगितलं, "मैनेचा नवरा 'चालेल' म्हनंल तवाच ही मोटर अंगनातून हालंल. न्हायतर मी चाकाखाली झोपतंय."

म्हणून गुणाजीला निरोप गेला. तो मैनेला घेऊन सकाळीच आला, खांद्यावर हत्यारांची पिशवी आणि तांब्याच्या नळीचं वेटोळं.

आल्या आल्या अडचण उभी राहिली ती मोटरीची नव्हती, जावयाची होती. आगरी घरात जावई आला की त्याचे पाय धुवायला पाणी, बसायला पाट, जेवायला कोंबडी. जावयाने सासरी काडी उचलायची नाही. उचलली तर गाव सासूला बोल लावणार. शिवाय सासू जावयाशी समोरासमोर बोलत नसे. डोक्यावर पदर ओढून, दाराआडून, लेकीला उद्देशून बोलायची. जावईही तसाच. दोघांमध्ये मैना उभी.

गुणाजीने सदरा काढला आणि मोटरीखाली शिरला.

"मैना," दाराआडून आवाज आला, "त्याना सांग, आधी चा घ्या. पाठ टेका. काल एवढ्या लांबून..."

"आई, ते काल न्हाय, आज आलेत," मैना म्हणाली.

"आज तर आज. पन धुळीत नको म्हनावं. लोक बघतात."

लोक बघतच होते. शेजारचा तुकाराम कुंपणाशी येऊन उभा राहिला. "काय गो चंद्राबाय," तो मोठ्याने म्हणाला, "पोरीच्या लग्नात देज म्हनून पैसं मोजून घेतलंस, आता जावयाकडनं कामपन काढतेस व्हय?"

थोड्या वेळाने गुणाजीच्या डोळ्यांपुढे अंधार झाला. त्याने मान वळवून पाहिलं. सासूने मोटरीच्या बाजूने गोणपाटं लटकवली होती. एक जुनं लुगडंही होतं. जावई कुणाला दिसू नये म्हणून.

"मैना," मोटरीखालून गुणाजी म्हणाला, "तुझ्या आईला सांग, मला लाज झाकायला कपडा नको, उजेड पायजे."

"ऐकलं मी," दाराआडून आवाज आला. पण गोणपाटं निघाली नाहीत. शेवटी त्याने पायानेच एक खाली ओढलं.

फुटलेली नळी मागच्या आसाकडे जाणारी होती. पोलादाची. बंदराचा रस्ता उधाणात पाण्याखाली जाई आणि मोटर त्या खाऱ्या पाण्यातून जाई. नळी गंजाने सालपटली होती. ज्या नटांनी ती दोन्ही टोकांना धरली होती ते नट, नळी आणि जोड, सगळं गंजून एकजीव झालं होतं. त्याने नटांवर रॉकेल सोडलं आणि थांबला. थांबणं हे त्याला सगळ्यांत कठीण काम. पण गंजाला वेळ द्यावा लागतो, हे त्याला ठाऊक होतं. तेवढ्या वेळात तो दुसऱ्या बाजूच्या नटांवर हातोडीचे हलके ठोके देत राहिला. ठोका जोराचा नको. जोराच्या ठोक्याने नट चेपतो आणि आणखी घट्ट बसतो.

मग पाना लावला. आधी नट किंचित आवळायचा, मग सोडायचा. आवळताना गंजाचा पापुद्रा तुटतो. नट हलला, पण नळीही त्याच्याबरोबर फिरली, पिळा पडला. गुणाजीने शिवी दिली, सासर आहे हे आठवून अर्धी गिळली.

हरेश्वर उकिडवा बसून बघत होता. "भावोजी, घाला की जोर."

"जोर तुझ्याकडे ठेव. जोराने नट गोल होतो, मग तो बापाला आयकत न्हाय." त्याने करवतीच्या पात्याने नळी नटापाशीच कापली. नळी गेली की नटावर पेटीसारखा बंद पाना बसवता येतो, सहाही बाजूंनी धरतो. हा पाना त्याने गोदीत स्वतः घडवला होता. त्याने नटाभोवती ब्लोलँपची ज्योत फिरवली, शेजारच्या रबरी नळीवर ओली चिंधी गुंडाळून. पेट्रोलच्या टाकीवर ओलं गोणपाट टाकलं. सासूच्या गोणपाटाचा हा पहिला उपयोग. नट तापला, पाना लावला, पूर्ण अंग पान्यावर टेकवलं. झटका नाही, नुसतं वजन. कुरकुरत नट सुटला.

कापलेल्या नळीचं तोंड त्याने डोळ्यासमोर धरलं. तेल टपकायला हवं होतं. टपकलं नाही. तोंडात काहीतरी पांढरट, घट्ट बसलेलं होतं, लोण्यासारखं. त्याने काडीने उकरून तळहातावर घेतलं. हाताच्या उबेने ते विरघळलं. त्याने हात नाकाशी नेला.

खोबरेल.

तो मोटरीखालून बाहेर आला. बॉनेट उघडलं, पितळी डब्याचं झाकण काढलं, बोट बुडवून वास घेतला. मग पडवीच्या फळीवर नजर टाकली. तिथे ब्रेकच्या तेलाचा डबा होता, मुंबईहून आणलेला. त्याने तो उचलून बघितला. सील शाबूत.

"हा कधी आनलास?"

"दिवाळीत."

"फोडला न्हाय?"

"लागलाच न्हाय," हरेश्वर म्हणाला. "आदी मागल्या चाकात गळती होती, रोज तेल घालायचो. जुना डबा संपला. मग गळती थांबली. रोज बघतो तर बॉनेटखालचा डबा भरलेलाच."

"गळती आपोआप थांबली?"

"व्हय."

"आनि त्या गळतीसाठी चाकात घालायला रबराच्या वाट्या आनल्यास, त्या?"

"त्या बी घरातच हाएत. घालायला सवडच न्हाय झाली. गळतच न्हाय म्हटल्यावर..."

गुणाजीने तळहात त्याच्या नाकापुढे धरला. "हा वास कसला?"

हरेश्वरने वास घेतला. त्याचा चेहरा गोंधळला. "खोबरेलाचा."

"ब्रेकमधी खोबरेल ओतलंस? थंडीत थिजतं ते, तुला म्हाईत न्हाय? बाटलीत थिजतं, तसं नळीत थिजलं. पाय दाबलास तो थिजलेल्या तेलावर. तेल पुढे सरकंना, म्हनून गंजकी नळी फुटली."

"मी न्हाय ओतलं."

"मग कोनी? दत्ताने?"

"भावोजी, आईच्यान सांगतो, मी न्हाय ओतलं."

"तेल आपोआप भरलं, गळती आपोआप थांबली," गुणाजी म्हणाला. कामात चूक झाली तर ती त्याला समजे. चूक लपवणं त्याला समजत नसे. "उतरनीवर मोटर रिकामी होती म्हनून वाचलास. उद्या त्यात बाया-पोरं बसनार. खोटं बोलनाऱ्याच्या हातात ब्रेक देऊन मी घरी झोपनार न्हाय." तो खाली बसला आणि पाने पिशवीत टाकू लागला. एक, दुसरा. पुसून टाकायचीही शुद्ध नव्हती.

हरेश्वर उभाच राहिला. डोळे पाण्याने भरले होते, रागाने की अपमानाने, त्यालाही कळलं नसावं. कुंपणाशी तुकाराम होताच.

मैना नवऱ्याकडे आली. "आवो..."

"तू बोलू नको."

"मी न्हाय बोलत. आई बोलतेय."

दाराआडून आवाज आला तो नेहमीचा नव्हता. "मैना, त्याना सांग. पोराने न्हाय ओतलं. मी ओतलं."



"तेलाचा डबा रिकामा झाला, पोर रोज कपाळाला हात लावून बसायचा," चंद्राबाई भिंतीकडे बघून बोलत होती. "तो झाकन उघडून बघायचा तसं मी बघितलं. तेल खाली गेलेलं. मी घरचं घातलं. ताजं. घान्यावरनं आनलेलं, देवाला लावतो तेच. रोज सकाळी तो उठायच्या आदी. सांध्याला तेल लागतं, तसं म्हटलं मोटरीच्या सांध्याला..." ती थांबली. "त्याना इचार, मैना. माझ्या तेलाने पोर मरनार होता काय?"

मैनेने नवऱ्याकडे बघितलं. तिने प्रश्न पुन्हा सांगितला नाही. सांगायची गरज नव्हती.

गुणाजीकडे दोन उत्तरं होती. गंज होताच, नळी केव्हातरी फुटणारच होती, हे एक. तेही खरंच होतं, पण पुरतं नव्हतं. "व्हय," तो म्हणाला. "मरनार होता."

दाराआड काहीतरी जमिनीवर टेकल्याचा आवाज झाला. ती खाली बसली असावी.

हरेश्वरने सायकल उचलली आणि बंदराकडे निघून गेला. जागा धरून ठेवायला सांगतो म्हणाला, पण कुणाकडे न बघता म्हणाला. गुणाजीने त्याला थांबवलं नाही. माफीही मागितली नाही. पिशवीतले पाने त्याने पुन्हा बाहेर काढले, एकेक पुसला, आणि मोटरीखाली शिरला. हीच त्याची माफी. ती कुणाला पोचली नाही, हे त्याला पुढे पुष्कळ वर्षं माहीत नव्हतं.

आता काम वाढलं होतं. एक नळी बदलून भागणार नव्हतं. खोबरेल सगळीकडे गेलेलं. थोडंही राहिलं तर पुढच्या थंडीत तेच. चारी चाकांच्या नळ्या काढायच्या, आतल्या रबराच्या वाट्या बदलायच्या, चाकांतली नळकांडी स्पिरिटने धुवायची. आणि प्रत्येक नळीला दोन नट, प्रत्येक नट गंजलेला.

तो दिवसभर काढत राहिला. काही नट सुटले. एकाने कोपरे घालवले, तो छिन्नीने फोडावा लागला. एक जोडात मोडला, त्याचा राहिलेला तुकडा भोक पाडून काढावा लागला. पाठीखालचे खडे टोचत होते. गंजाची भुकटी डोळ्यांत पडत होती. मैनेने कोंबडी झाकून ठेवली होती. तो जेवायला उठला नाही, आणि या वेळी दाराआडून कुणी आग्रह केला नाही.

तांब्याची नळी ताठ होती. ती मऊ करायला लाल तापवून पाण्यात बुडवावी लागते. त्याने मैनेला चुलीत विस्तव वाढवायला सांगितलं. आत गेला तर चुलीपुढे चंद्राबाई आधीच फुंकणी घेऊन बसलेली. जावई आत आला तरी ती उठली नाही, पदर पुढे ओढून फुंकत राहिली. नळी लाल झाली की ती बाजूला सरकायची, बादली पुढे करायची. काम झालं की पुन्हा फुंकणी. नळीला बाक द्यायला त्याला गोल काहीतरी हवं होतं. तो इकडेतिकडे बघत होता तोच तिने मुसळ पुढे सरकवलं. मुसळावर नळी हळूहळू वाकवली की चिमटत नाही. चिमटली की तिथून तेल जात नाही.

नळीचं टोक नटात घालून फुलासारखं उघडायचं, मग ते जोडात चपखल बसतं. हे त्याने सावकाश केलं. जुन्या नटांपैकी जे चांगले निघाले ते घासून परत वापरले, कारण त्या मापाचे नवे नट बंदरावर मिळत नव्हते. सगळं जोडलं. नवा डबा फोडला. पितळी डबा भरला.

आता हवा काढायची होती. नळ्यांत हवा राहिली तर पाय स्पंजावर पडल्यासारखा आत जातो, ब्रेक लागत नाही. त्यासाठी एकाने ब्रेक दाबायचा आणि धरून ठेवायचा, दुसऱ्याने चाकापाशी छोटा नट सैल करून हवा सोडायची, नट बंद झाल्यावरच पहिल्याने पाय उचलायचा. तिसऱ्याने डब्यातलं तेल कमी होऊ द्यायचं नाही. पाय चुकून आधी उचलला तर हवा उलट आत जाते आणि सगळं पुन्हा.

हरेश्वर आला नव्हता. मैनेने तेलाचा डबा धरला. ब्रेकवर पाय ठेवायला कुणी नव्हतं.

तुकाराम म्हणाला, "मी दाबू?"

"तू नको," चंद्राबाई म्हणाली. ती दारातून बाहेर आली. पदर डोक्यावर होता, पण चेहऱ्यावर ओढलेला नव्हता. तिने लुगड्याचा काष्टा खोचला, दार उघडून मोटरीत चढली आणि अनवाणी पाय ब्रेकवर ठेवला. "हाच का?"

ती कुणाला विचारत होती ते कळायला गुणाजीला एक क्षण लागला. मैनेला नाही. त्याला.

"हाच," तो मोटरीखालून म्हणाला. "मी 'दाबा' म्हनलो की दाबायचा. पूर्ण. मी 'सोडा' म्हनंपर्यंत सोडायचा न्हाय. दाबला की सांगायचं."

"व्हय."

"दाबा."

"दाबला."

नट सैल केला. फुस्स करून हवा आणि तेल आलं. नट बंद. "सोडा."

"सोडला."

"दाबा."

"दाबला."

एका चाकाची हवा पुरती निघायला किती वेळा दाबायला लागतं याचा हिशेब नसतो. बुडबुडे थांबेपर्यंत. पहिलं चाक झालं. दुसऱ्याला चंद्राबाईचा पाय थरथरू लागला. गुणाजीला ते खालून दिसत नव्हतं, पण नट सैल केल्यावर तेल झटके देत येऊ लागलं.

"पाय हलतोय," तो ओरडला. "सांगितलं ना, धरून ठेवायचा! हलवला की हवा आत जाते. परत."

तुकाराम कुंपणाशी चाट पडला. जावई सासूवर खेकसला होता, भर अंगणात.

"परत घे," चंद्राबाई म्हणाली. तिचा आवाज घट्ट होता. "दुसरा पाय लावतंय." तिने दोन्ही पाय ब्रेकवर टेकवले आणि पाठ सीटला रेटली. "दाबला. आता न्हाय हालनार."

हलला नाही. चौथ्या चाकापर्यंत हलला नाही. ऊन कलतं झालं होतं. शेवटी ब्रेक घट्ट आणि उंच उभा राहिला. गुणाजी खालून निघाला, त्याने हाताने ब्रेक दाबून बघितला, मग सीट आणि ब्रेक यांच्यामध्ये बांबूचा तुकडा ठोकून बसवला. रात्रभर दाब राहू दे, सकाळी कुठे ओल दिसते का बघू.

चंद्राबाई उतरली तेव्हा तिला पाय टाकता येत नव्हता. मैनेने धरलं. "आई, जेव आता."

"आदी त्याना वाढ."

गुणाजी जेवला. कोंबडी कशी झाली होती ते त्याला कळलं नाही.

पहाटे त्याने जोड बोटांनी चाचपले. थंडी होती. बाटलीतलं खोबरेल पांढरं पडलं होतं, ब्रेकचं तेल पातळच. सगळे जोड कोरडे. मागच्या आसाचा एक ओलसर. बोट ओढलं तर जेमतेम चमकलं.

हरेश्वर रात्री परत आला होता. खांदा बांधलेला, अंघोळ करून तयार. "किती गळतंय?"

"गळत न्हाय. ओल हाय."

"भावोजी, बोट यायची वेळ झाली. ओलीने काय होतंय? आज चालवू, उद्या बघू."

"आवळून बघू?" मैना म्हणाली.

गुणाजीने पाना लावला, आवळला. ओल गेली नाही. नट जुना होता, आत कुठेतरी खड्डा. आणखी आवळला तर तांब्याचं टोक चिरलं असतं. करायचं तर सगळं उतरवून टोक पुन्हा उघडायचं, आणि पुन्हा हवा काढायची. बोट गाठायची तर वेळ नव्हता. ओल थोडीच होती. उतारावर एकदा दाबून टिकलीही असती. गुणाजी मोटरीखाली पालथा पडून त्या जोडाकडे बघत राहिला. पहिल्यांदाच त्याला वाटलं, असू दे.

वरून मोटर हलली. त्याने डोकं बाहेर काढलं. चंद्राबाई बांबू काढून ड्रायव्हरच्या जागी बसली होती, दोन्ही पाय ब्रेकवर. कुणी तिला बोलावलं नव्हतं.

"बोट गेली तर गेली," ती मुलाला म्हणाली. मग खाली वाकून जावयाला, "तुमचं चालू द्या."

त्याने जोड उतरवला. लाँचच्या कामातला एक पितळी नट पिशवीत सापडला. आटे जुळत होते, पण लांबी जास्त होती. तो कापून घासला, टोक पुन्हा उघडलं, बसवलं. दाबा. दाबला. सोडा. सोडला. हरेश्वरने या वेळी स्वतः तेलाचा डबा धरला. त्याने गुणाजीकडे बघितलं नाही, पण बॉनेटखालचा डबा एकदाही रिकामा होऊ दिला नाही.

जोड कोरडा राहिला.

रिकामी मोटर खिंडीच्या उतारावर नेऊन त्यांनी ती थांबवली, पुन्हा सोडली, पुन्हा थांबवली. दर वेळी गुणाजी उतरून खाली वाकून बोट फिरवायचा. शेवटी तो म्हणाला, "चालेल." हरेश्वरने मोटर वळवली आणि बंदराकडे पळवली.

पहिली बोट गेली होती. तिच्या उतारूंना दुसरी मोटर घेऊन गेली होती आणि हरेश्वरच्या जागेवर आता तीच उभी राहणार, हे बंदरावर ठरून गेलं होतं. दुसरी बोट लागेपर्यंत हरेश्वर रस्त्याकडेला लांब उभा राहिला. त्याला उतारू मिळाले, पण मागून, उरलेले. ती जागा त्याला त्या जत्रेत परत मिळाली नाही.

घरापाशी मोटर थांबली तेव्हा मैना आणि चंद्राबाई जत्रेच्या लुगड्यांत उभ्या होत्या. सगळ्या जागा भरलेल्या. गुणाजी मागच्या बाकावर सरकला. मैना उतारूंमध्ये शिरली, आणि चंद्राबाई, दुसरी जागाच नसल्याने, जावयाच्या शेजारी बसली. पदर पुढे ओढला नाही.

खिंड चढून मोटर उताराला लागली. हरेश्वरने ब्रेक दाबला. मोटर नमली, सावकाश झाली. उतारूंमधली एक म्हातारी दत्ताचं नाव घेत होती. पहिलं वळण. गुणाजीचा उजवा पाय समोरच्या फळीवर दाबला गेला. तिथे काहीच नव्हतं, नुसती फळी. त्याला ते कळलं, तरी पाय उचलवेना. प्रत्येक वळणाला हरेश्वर ब्रेक लावायच्या जरा आधी त्याचा पाय दाबला जाई. मग त्याने शेजारी बघितलं. चंद्राबाईचे दोन्ही पाय फळीवर रेटलेले होते, पाठ मागे टेकलेली, ओठ घट्ट.

"दाबलाय काय?" तो हळूच म्हणाला.

"दाबलाय," ती म्हणाली.

उतार संपला. अलिबागच्या सपाटीवर मोटर वेगाने धावू लागली. गुणाजीने पाय वर घेतला. तिने घेतला नाही. चौलपर्यंत रस्ता सपाटच होता, तरी घेतला नाही.